पांढऱ्या वाळूवरची तांबडी माती

गिरगावातले लोक माझ्या सांगण्यातलं निम्मं सोडून देतात आणि उरलेल्या निम्म्याला हसतात. माझा धंदा छत्र्यांचा. भर माघात छत्री विकायची तर गिऱ्हाइकाला आभाळात नसलेला ढग दाखवावा लागतो, त्यातून ही सवय जडली. हर्णैला मी पाहिलेल्या मुशी माशाच्या पोटातून जिवंत कोंबडा आरवत बाहेर आला, ही हकीकत चाळीत इतक्यांदा सांगून झाली आहे की आता तो कोंबडा मला रस्त्यात भेटला तरी मी ओळखीन. तेव्हा कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचा हा प्रवास ज्यांना खरा वाटणार नाही, त्यांच्याशी मी भांडणार नाही. त्यांनी तो खरा न मानलेलाच बरा.

निघालो ते नानांबरोबर. नाना माझे शेजारी, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात. दगड हातात घेतला की त्याच्या खापरपणजोबापर्यंतची कुळकथा सांगतील, पण माणसाबद्दल काही बोलायला जावं तर ‘पुरावा काय?’ म्हणून तोंड बंद करतील. त्यांचा एकुलता एक मुलगा वसंता मागच्या वैशाखाच्या अखेरीस मित्राच्या लग्नाला श्रीवर्धनकडे निघाला होता. आगरदांड्याहून दिघीला जाणारा पडाव खाडीच्या तोंडाशी उलटला. बाकीचे सगळे मिळाले, काही जिवंत, काही तसे. वसंता मिळाला नाही.

घरात तिघं उरली. नाना, त्यांच्या थोरल्या बहीण आक्का आणि वसंताची बायको यमू. आक्का परकर नेसायच्या वयात विधवा झालेल्या. तेव्हापासून डोक्यावर वस्तरा आणि अंगावर आलवण. यमूला अठरावं लागलेलं. आक्कांचं म्हणणं असं की पोर तिकडं अधांतरी तहानलेलं आहे, त्याला पाणी कोण देणार? पालाशविधी करा. देह सापडत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा माणूस रचतात, वर नारळाचं डोकं ठेवतात आणि त्याला अग्नी देतात, तो हा विधी. नाना म्हणत, पानं जाळल्यानं माझा मुलगा मेला असं सिद्ध होत नाही.

वरून पाहणाऱ्याला हा भावाबहिणीचा शास्त्रार्थ वाटे. पण सगळी चाळ जाणून होती की भांडण यमूच्या कपाळावर चाललं आहे. पानांचा तो माणूस जळला की त्याच दिवशी तिचं कुंकू पुसलं जाणार, बांगड्या फुटणार, आणि न्हाव्याला बोलवायचं की नाही यावर पुण्याहून आलेले काका-मामा पानसुपारी खात चर्चा करणार. पुरावा नाही तोवर यमू सवाष्ण.

अशात नानांच्या वडिलांच्या श्राद्धाच्या पंगतीला चौलचे एक भटजी आले होते. त्यांनी भाताचं आळं करता करता सहज सांगितलं, आगरदांड्याच्या बाहेर वाळूच्या पुळणीवर कुणी वाहून आलेला माणूस ज्येष्ठात पुरला आहे म्हणतात. आक्कांनी वाढता वाढता हात थांबवला आणि नानांना म्हणाल्या, “तुला पुरावा हवा होता ना? जा, घेऊन ये.”

नानांनी पिशवीत हातोडी, कुंचला आणि उकरायची लहान थापी भरली. मला म्हणाले, “तू चल. तू बोलत राहशील.”

रेवस ते चौल

आगबोटीतल्या ओकाऱ्यांचं वर्णन करून वाचकांचं जेवण मोडत नाही. रेवसला उतरलो आणि बैलगाडी केली. बैल असे की पेशवाईत घोडे म्हणून नोकरीला होते आणि पेन्शनीनंतर बैल झाले असावेत. गाडीवान त्यांना हाकत नव्हता, समजूत घालत होता. दोन्ही बाजूंना मिठागरं, पांढऱ्या ढिगांवर ऊन पडून डोळे दिपत होते. मी मूळचा घाटावरचा; आमच्या देशावर पांढरं दिसलं की ज्वारी समजावी. इथं पांढरं ते मीठ, आणि जेवायचं ते त्याच्या पलीकडच्या खाचरात.

मला आणलं होतं ते मी बोलत राहावं म्हणून, पण बोलायला लागले नाना. सहा-सात महिन्यांत त्यांच्या तोंडून एवढे शब्द आलेले मी ऐकले नव्हते. विषय मात्र भलताच. युरोपात फार फार पूर्वी, शेती नाही, भांडं नाही, अशा काळात एक निराळ्याच जातीचा माणूस राहत होता. जर्मनीतल्या निअँडर नावाच्या खोऱ्यात त्याची हाडं निघाली म्हणून त्याला निअँडरथल म्हणतात. भुवया वळचणीसारख्या पुढं आलेल्या, हनुवटी जवळजवळ नाही, मान आखूड. पुस्तकांतून त्याला पाठीत वाकलेला, केसाळ, हातात सोटा घेतलेला असा रंगवतात.

मी म्हटलं, असा एकजण दर महिन्याला माझ्या दुकानाचं भाडं वसूल करायला येतो.

नाना हसले नाहीत. म्हणाले, चित्रं काढणाऱ्यांनी त्याचं कपाळ पाहिलं, त्याचा खड्डा पाहिला नाही. फ्रान्सातल्या एका गुहेत हा माणूस पाय पोटाशी घेऊन निजवलेला सापडला. जमीन खणून केलेल्या खड्ड्यात. आणि त्याच्याजवळ रानबैलाच्या तंगडीचं हाड. दुसरीकडं लहान मुलंसुद्धा अशीच जपून पुरलेली. आणखी काही ठिकाणी काळ्या-तांबड्या रंगाचे खडे, कशावर तरी घासून झिजलेले.

काही विद्वान म्हणतात, खड्डा पाण्यानं झाला असेल, हाड कोल्ह्यानं ओढून आणलं असेल. त्यांनी तसं म्हणायलाच हवं, असं नाना म्हणाले. शंका काढणं हेच त्यांचं काम. पण शंका फेडायची एक रीत आहे. जी वस्तू तिथं आपोआप येऊ शकत नाही ती दिसली की विचारायचं, ही आणली कोणी? मग विचारायचं, आणून तिचा उपयोग काय? पोट भरायला नाही, ऊब मिळवायला नाही, शिकारीला नाही. उपयोग काहीच सापडेना, की समजायचं तिथं कोणीतरी माणूस होता.

“मेलेल्याला मटणाचा काय उपयोग?” मी विचारलं.

“तेच,” नाना म्हणाले, आणि मिठागरांकडं पाहत राहिले.

चौल

चौलला भटजींच्या घरी उतरलो. घर कसलं, पोफळींच्या बागेत हरवलेली वस्तू. पोफळी इतक्या उंच आणि इतक्या सरळ की सुपारी काढायला चढलेला माणूस खाली येईपर्यंत त्याच्या मुलाची मुंज उरकत असावी. जेवायला वालाचं बिरडं होतं, तांदळाची भाकरी, पोह्याचा पापड आणि वाटीत गुलाबी सोलकढी. आमच्याकडं भाकरी थापतात तेव्हा शेजारच्या घरात कळतं. इथं भटजींच्या कुटुंबानं ती तळहातावर पाण्यानं इतकी हळू वाढवली की भाकरी झोपेतून उठते आहे असं वाटलं. बिरडं मी किती खाल्लं ते सांगत नाही. भटजींनी पुढच्या वर्षी दुप्पट वाल पेरले असतील.

नाना जेवत होते ते हिशेबानं. भटजी मनानं वाईट नव्हते, पण त्यांच्या धंद्यात मरण रोजचं. त्यांनी पालाशविधीची तयारी समजावून सांगितली. पळस इथल्या डोंगरावर हवा तेवढा, समुद्र जवळ, वाटलं तर इथंच उरकून घ्या, मुंबईत पानांसाठी कुठं हिंडता? मग ताक ओतून घेत विचारलं, “मूलबाळ काही?”

“नाही,” नाना म्हणाले.

“मग सोपं आहे.”

नाना पानावरून उठले. हात धुवायला गेले ते बागेच्या टोकापर्यंत चालत गेले. भटजींना आपलं काय चुकलं ते कळलं नाही. ते मला म्हणाले, तुमचे प्रोफेसर फार कमी जेवतात.

दुपारी मी नानांना डोंगरावर ओढून नेलं. म्हटलं, इथं जुनी लेणी आहेत, तुमचा भुवईवाला एखाद्या खोबणीत निजलेला असेल. चढण साधी होती. मी चाळीत सांगताना तिथं बिबट्या घातला, तो मागाहून. एका कपारीत तांबड्या मातीत मला खरोखर एक हाड दिसलं. मी ओरडून नानांना बोलावलं. हाड आहे, मातीही तांबडी, आता युरोपच्या विद्वानांना बसू द्या हात चोळत.

नानांनी हाड उचललं, कुंचल्यानं झाडलं आणि मला परत दिलं. “शेळीचं. सुरीची खूणही आहे. बकरं कापून कोणीतरी जेवलेलं आहे.”

“आणि माती?”

“इथं सगळ्याच डोंगराची माती तांबडी आहे. जिथं सगळंच तांबडं, तिथं तांबडं काही सांगत नाही.” मग माझ्याकडं न पाहता, “तिथं कबर निघाली आणि ती उघडावी लागली, तर तू दूर उभा राहा. मला एकट्याला पाहू दे.”

मी बरं म्हटलं. एवढ्या लहान उत्तराची मला सवय नाही.

आगरदांडा

रेवदंड्याची खाडी ओलांडून, कोर्लईच्या पायथ्यावरून, नांदगाव-मुरूडवरून आगरदांड्याला पोचलो. वाटेत गाडीचं चाक पुळणीत रुतलं आणि मी ते एका हातानं उचललं, असं मी सांगत असतो. खरं तर मी गाडीत बसून होतो आणि नाना ढकलत होते.

आगरदांड्याच्या धक्क्यावर दाऊद तांडेल भेटला. साठीचा नावाडी, दाढी मेंदीनं रंगवलेली, आवाज पडावाच्या तळातून आल्यासारखा. पोरं इकडं तिकडं पळत होती, बायका सुकट पालथी करत होत्या, आणि त्या वासात नानांनी विचारलं, वाहून आलेला माणूस कुठं पुरला आहे? मी घाईनं मध्ये पडलो. सांगितलं, हे प्रोफेसर, जगातल्या सगळ्या कबरी पाहत फिरतात, मिसर देशाच्या राजाची झाली, आता तुमची.

दाऊदनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि माझं पाणी जोखलं. मग नानांना म्हणाला, “चला साहेब, होडीनं नेतो.”

खाडी त्या दिवशी परातीतल्या पाण्यासारखी पसरली होती. एवढं निवांत पाणी माणूस गिळतं हे कोणाला सांगून पटणार नाही. दाऊद वल्ही मारता मारता सांगत होता. ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आधी, पोरांना तो पुळणीवर दिसला. त्याच्या वस्तीतली माणसं आली, कोळीवाड्यातनंही आली. आमच्यातला असला तर गुसलची अंघोळ घालून कबरस्तानात न्यायचा, त्यांच्यातला असला तर सरण रचायचं. पण गळ्यात जानवं नाही, ताईत नाही, अंगावर चिंधी नाही. समुद्रानं आणि माशांनी त्याचा धर्म ठेवला नव्हता. रोज दर्यात जाणाऱ्या माणसांनीही मान फिरवली.

मी नानांकडं पाहिलं. जानवं वसंतानं दोन वर्षांपूर्वीच खुंटीला टांगलं होतं, आणि नानांनी त्याची पाठ थोपटली होती.

कबरस्तानात न्यावा तर कोळी म्हणतील आमचा पळवला, जाळावा तर आमचे म्हणतील आमचा जाळला. वाद नको म्हणून दोन्ही वस्त्यांपासून दूर, होता तिथंच वर, भरतीच्या रेषेपलीकडं पुरला. दाऊदनं जुनं शीड फाडून गुंडाळायला दिलं. बाकीचं हिराबाय कोळणीनं केलं.

नाना होडीच्या कडेवरून हात पाण्यात सोडून बसले होते. दाऊदनं वल्ही थांबवली.

“साहेब, पोरगा तुमचा?”

“ठाऊक नाही,” नाना म्हणाले. “तेच पाहायला आलोय.”

दाऊदनं मान हलवली आणि पुन्हा वल्ही घातली. त्यानंतर मीसुद्धा बोललो नाही. हे मात्र कोणीही खरं मानायला हरकत नाही.

पुळणीवर

ती पुळण पांढरी होती. शिंपल्यांचा चुरा होऊन झालेली वाळू, उन्हात मिठासारखी चमकणारी. पाठीमागं केवड्याचं दाट बन, त्याच्यामागं डोंगर. माणसाची चाहूल नाही, खेकड्यांची तेवढी धावपळ. आणि त्या सगळ्या पांढऱ्यात, बनाच्या अलीकडं, माणसाच्या लांबीचा एक तांबडा पट्टा.

नाना दहा-बारा पावलांवर थांबले. मला वाटलं, माघारी फिरतात. पण ते खाली बसले, एका हातात पायाखालची वाळू घेतली, मग पुढं सरकत जाऊन दुसऱ्या हातात त्या पट्ट्यावरची माती घेतली. दोन्ही मुठी उघडून पाहत राहिले. एका तळव्यावर पांढरं, एकावर तांबडं. वर्गात दगड दाखवताना धरत असतील तसे हात.

“आणलेली आहे,” ते म्हणाले. “इथं ही येऊ शकत नाही. ओढा नाही, दरड नाही. कोणीतरी वाहून आणली.”

मातीच्या डोक्याच्या बाजूला एक नारळाची करवंटी रुतवून ठेवली होती. तिच्यात पाणी होतं, आणि पाण्यात एक केवड्याचं पान पडलं होतं. नानांनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

“गोडं,” ते म्हणाले.

हिराबाय बनातून आली. पन्नाशीची, काळीभोर, कमरेवर रिकामी कळशी. दाऊदनं तिला काही सांगितलं, तिनं नानांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि न विचारता समजली. नानांनी विचारलं, माती का आणली?

“वाळू दर्याची हाय,” ती म्हणाली. “त्यानंच टाकलेला मानूस परत त्याच्याच हवाली कसा करायचा? म्हून डोंगराची माती आनली. मी नी माजी सून, टोपलीनं. पावसात जाते वाहून. पुन्ना आनायची.”

“आणि पाणी?”

“खारं पिऊन गेला ना तो. जाताना तरी गोडं.”

त्यात काही विशेष आहे असं तिला वाटत नव्हतं. आमच्या देशावर वाटेवरच्या पाणपोईला पाणी घालणारी बाई जितक्या सहज सांगेल तितक्या सहज तिनं सांगितलं. मग कळशी खाली ठेवून म्हणाली, उघडायचं असेल तर उघडा. “तुमचा असंल तर न्या. आमी काय ठेवून घेतलेला न्हाय.”

नानांनी पिशवीतून थापी काढली. मी कबूल केल्याप्रमाणं दूर सरलो. माझ्या डोळ्यांसमोर कबर नव्हती, यमू होती; आमच्या जिन्यात, हातात घागर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. या वाळूत हातभर खाली काय आहे त्यावर ते कुंकू उभं होतं.

हिराबायला वाटलं, ओळख पटायला मदत करावी. तिनं सुरुवात केली, “त्याच्या तोंडात...”

“बाई, नको,” नाना म्हणाले. “सांगू नका.”

थापी त्यांच्या हातात होती. खेकड्यांनी पट्ट्याची एक कड पोखरून मोडली होती, तांबडी माती वाळूत सांडली होती. नानांनी ती थापीनं गोळा केली, कडेला लावली आणि थोपटून बसवली. मग दुसरी बाजू. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुडघ्यावर सरकत त्यांनी सगळी कड नीट केली आणि थापी वाळूत पुसून पिशवीत ठेवली.

मी जवळ गेलो. म्हटलं, “नाना, आपण आलो होतो ते...”

“आक्का विचारील, मेला कोण. ही जागा सांगते, पुरलं कोणी. आक्काच्या प्रश्नाला इथं उत्तर नाही.”

“उत्तर खाली आहे.”

“मी खाली पाहिलेलं नाही,” नाना म्हणाले. “न पाहिलेल्या गोष्टीबद्दल मी काही म्हणू शकत नाही. विद्यार्थ्यांना हेच शिकवत आलो.”

ते समुद्राकडं तोंड करून बसले. खांदे हलत होते, पण वाराही होता.

हिराबाय करवंटी रिकामी करून ताजं पाणी आणायला बनामागच्या विहिरीकडं निघाली. मी तिच्यामागं गेलो. मला पुराव्याची पथ्यं नाहीत. पुरावा मागणारा माणूस माझं गिऱ्हाईक कधीच नव्हता. मी विचारलं, काय सांगत होतीस?

ती म्हणाली, पुढचा एक दात तिरपा तुटलेला, बाकी दातांची ओळ सरळ. तिनं स्वतःच्या दातावर बोट ठेवून दाखवलं, वरचा, डावीकडचा. “हसत असंल तवा बरा दिसत असंल,” असं म्हणून तिनं पोहरा विहिरीत सोडला.

वसंताचा तो दात. नळावर घसरून तुटला होता, आठ-नऊ वर्षांचा असताना. पण चाळीत मी सांगितलं होतं की पैज लावून त्यानं माझ्या दुकानातली छत्रीची पोलादी काडी चावली, काडीचे दोन तुकडे झाले आणि दाताचा फक्त कोपरा उडाला. ही थाप वसंताला इतकी आवडली की पुढं तीच तो स्वतः सांगू लागला. लग्नानंतर यमूलाही त्यानं तीच सांगितली होती.

मी विहिरीच्या काठावर बसलो. हिराबायनं मला पाणी दिलं. चांगलं पाणी होतं.

परतताना होडीत नाना म्हणाले, “विहिरीवर बराच वेळ लागला तुला.”

“विहीर खोल आहे.”

“पाणी तेच ना? गोडं?”

“तेच.”

पुढं त्यांनी विचारलं नाही. पलीकडचा काठ जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, “आक्काला मी अडाणी म्हणालो होतो. पानांचा माणूस करा म्हणत होती म्हणून. गुहेतल्या त्या माणसांनी मेलेल्याजवळ रानबैलाची तंगडी ठेवली, तिला मी पुरावा म्हटलं.” मग वल्ह्याकडं पाहत, “पण तंगडी ठेवताना त्यांनी मागं राहिलेल्या कोणाचं काही काढून घेतलं होतं असं कुठं दिसत नाही.”

गिरगाव

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. आक्का स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. यमू तोंड धुऊन आली होती, कपाळावर सकाळच्या कुंकवाची फिकट खूण तेवढी उरली होती. आक्कांच्या हाताशीच देव; देवापाशी समई, समईपुढं पाटावर लहानसा आरसा आणि कुंकवाची लाकडी डबी. तिन्हीसांजेला पुन्हा कुंकू लावायची तिची रीत. आम्ही आलो तशी डबी न उघडताच पाटावर राहिली, आणि यमू आमच्यासाठी चहाचं आधण ठेवायला वळली.

नाना दारातच उभे राहून म्हणाले, “कबर आहे. तीत माणूस आहे. कोण, याचा पुरावा माझ्याजवळ नाही.”

“उघडलीस?” आक्कांनी विचारलं.

“नाही.”

लाटणं थांबलं नाही. नाना अंघोळीला गेले. आक्का माझ्याशी बोलल्या नाहीत. प्रवासाहून आलेल्या माणसाला काय खाल्लंस एवढंही विचारलं नाही. यमूनं माझ्यापुढं चहा ठेवला आणि ती देवाशेजारच्या भिंतीशी टेकून बसली.

“काका,” ती म्हणाली, “कोकणातली एखादी थाप सांगा ना. नेहमीसारखी.”

मी तिच्याकडं पाहिलं. ती माझ्याकडं पाहत नव्हती; बांगड्या एकेक करून मनगटावर मागं सारत होती. माझ्या सांगण्यावर कोणी विधी करणार नव्हतं, कोणी न्हावी बोलावणार नव्हतं, आणि हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

म्हणून मी थाप सांगितली. सांगितलं की एका पांढऱ्या पुळणीवर एक तरुण निजला आहे. एका मुसलमान तांडेलानं त्याला आपलं शीड पांघरायला दिलं. एक कोळीण आणि तिची सून डोंगरावरची माती डोक्यावरून आणतात, म्हणजे समुद्रानं त्याला पुन्हा हात लावू नये. सांगितलं की त्यानं एकदा पैजेनं छत्रीची पोलादी काडी चावली होती, काडीचे तुकडे झाले आणि त्याच्या दाताचा फक्त कोपरा उडाला. वरचा. डावीकडचा.

यमूच्या बांगड्या थांबल्या. मोरीतून नानांच्या पाण्याचा आवाज येत होता, तो तेवढा ऐकू येत राहिला.

आक्कांनी पाठ न वळवता विचारलं, “पाणी मिळतं त्याला?”

“रोज,” मी म्हटलं. “विहिरीचं. गोडं. मी पिऊन पाहिलंय.”

आक्कांनी लाटलेली पोळी तव्यावर टाकली. ती फुगली, करपायला लागली, तरी त्यांनी उलटली नाही. यमूनं पदराचं टोक हातात घेतलं होतं आणि तो हात कपाळावरच्या त्या फिकट खुणेकडं चालला होता, हळू, कोणीतरी दुसराच तो उचलतो आहे तसा.

“थापाड्या आहे मेला,” आक्का म्हणाल्या. “त्याचं काय ऐकतेस?”

आणि ज्या वस्तूला त्यांनी परकर नेसायच्या वयापासून हात लावला नव्हता, ती कुंकवाची डबी, आताही हात न लावता, लाटण्याच्या टोकानं त्यांनी पाटावरून यमूच्या गुडघ्यापर्यंत सरकवली.